वस्तादाचे नाव

तालमीत नवा पहिलवान आला, म्हणजे त्याचे गाव विचारण्याच्या आधी 'वस्ताद कोण?' असे विचारण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. उत्तर मिळाले, की जाणत्यास पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात. या गड्याचे डाव कोणत्या वळणाचे असतील, जिंकल्यावर तो किती उड्या मारील आणि चीत झाल्यावर कसे तोंड करील, याचाही अदमास त्या एका नावावरून बांधता येतो. कुस्ती मारलेला गडी फेटा डोक्यावर चढण्यापूर्वी वस्तादाच्या पायांना हात लावतो, आणि तेवढ्या क्षणापुरते फडातील हजारो डोळे त्या म्हाताऱ्याकडे वळतात. त्याची मजुरी म्हणावी तर एवढीच.

ही चांगली चाल आपल्या कॉलेजांच्या मैदानांवर मात्र पोहोचली नाही, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. कॉलेजच्या फुटबॉलच्या संघाने ढाल जिंकली, तर तिच्यावर कॉलेजचे नाव आणि साल कोरले जाते. वार्षिक अंकात कप्तानाचे छायाचित्र येते. संपूर्ण संघाचे छायाचित्र असेल, तर मधल्या खुर्चीवर प्राचार्य बसलेले असतात आणि त्यांच्या दोहों बाजूंस संस्थेचे पदाधिकारी. अगदी कडेला गळ्यात शिट्टी अडकवलेला, उन्हाने रापलेला एक गृहस्थ उभा असतो. खाली छापलेल्या ओळीत त्याचे आडनाव असलेच, तर त्यात मुद्रणदोष असतो!

वास्तविक पाहता, वस्तादावाचून ज्याचा इतिहासच लिहिता येणार नाही असा संघ कोणता म्हणाल, तर तो कॉलेजचाच. तालमीतला मल्ल वर्षानुवर्षे त्याच मातीत राहतो. एखाद्या नामांकित क्लबाचा खेळाडू दहा-दहा हंगाम एकच रंग अंगावर वागवतो. कॉलेजचा खेळाडू मात्र तीन वर्षांचा पाहुणा. पहिल्या वर्षी तो चेंडूच्या मागे नुसता धावतो, दुसऱ्या वर्षी चेंडू आपल्याकडे कसा येईल ते शिकतो, आणि चेंडू दुसऱ्याला केव्हा द्यावा हे समजू लागले, की तिसऱ्या वर्षाची परीक्षा येते व तो निघून जातो. दरसाल संघाचा तिसरा हिस्सा असा गळून पडतो आणि त्या जागी चेंडू कधी न पाहिलेली पोरे येऊन उभी राहतात. संघ म्हणून जे काही टिकते, ते त्या कडेला उभ्या असलेल्या गृहस्थाच्या डोक्यात टिकते.

आम्ही भंडाऱ्याकडील माणसे. आम्हांस ही गोष्ट समजावयास दृष्टान्त दूर शोधावा लागत नाही. आमचा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. मृगाच्या पावसावर शेतकरी एका कोपऱ्यात पऱ्हे टाकतो. सुमारे महिन्याभरात हिरवीगार रोपे दाटीने उभी राहतात. मग ती उपटायची, त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत नेऊन रोवायच्या. ज्या वाफ्यात पऱ्हे वाढले, त्यात त्या रोपांची लोंबी कधी दिसत नाही. तथापि पऱ्हे रोगट निघाले, तर सबंध बांधी बुडते, हे सर्वांस ठाऊक असते. कॉलेजचे मैदान हा असाच वाफा होय. तेथे पीक मोजावयास जाणे म्हणजे शेतीची ओळख नसणे.

अमेरिकेतील लोकांनी हे फार पूर्वी ओळखले, आणि मग त्याचा अतिरेकही केला. त्यांचा फुटबॉल निराळा; चेंडू लांबट, खेळ बहुतेक हातांचा आणि गडी शिरस्त्राण घातलेले. परंतु तो वाढला कॉलेजांतच. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन या दोन कॉलेजांचा सामना झाला. प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. तेथून त्या देशातील कॉलेजांच्या या खेळाचा आरंभ धरतात. तेथे वस्तादाचे नाव कडेला पडत नाही. शिकागो विद्यापीठात एमोस अलोन्झो स्टॅग नावाच्या गृहस्थाने १८९२ पासून १९३२ पर्यंत संघ घडविला. वयाची सत्तर वर्षे झाली म्हणून विद्यापीठाने त्याला रजा दिली, तेव्हा घरी न बसता तो दुसऱ्या कॉलेजात जाऊन पुन्हा शिट्टी वाजवू लागला. शिकागोच्या मैदानास त्याचेच नाव होते. विद्यापीठाने १९३९ साली हा खेळ बंद केला आणि पुढे २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच मैदानाच्या रिकाम्या प्रेक्षागृहाखाली फर्मी व त्याच्या सहकाऱ्यांनी अणूची पहिली नियंत्रित साखळी-प्रक्रिया घडवून आणली. मैदान ओस पडले, की तेथे काय पिकेल याचा नेम नाही! आज त्या देशातील कित्येक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वांत मोठा पगार घेणारा मनुष्य राज्यपाल नसून विद्यापीठाच्या संघाचा शिक्षक असतो. हे आम्हांस अनुकरणीय वाटते असे नव्हे. वस्तादाचा पगार ढालींच्या संख्येवर ठरू लागला, म्हणजे तो पऱ्ह्याकडे न पाहता बाजारातून तयार लोंब्या विकत आणू लागतो. परंतु नाव विसरणे हा एक दोष आणि नावाचा बाजार मांडणे हा दुसरा. दुसऱ्याच्या भीतीने पहिला पत्करण्याचे कारण नाही.

आपल्या देशात या खेळाचा आरंभ ज्या गोष्टीने सांगतात, तीतही एक प्राध्यापक आहेच. १८७७ साली कलकत्त्यास नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी नावाचा हेअर स्कूलमधील लहान मुलगा गाडीतून जात असता गोऱ्यांचा खेळ पाहावयास थांबला. चेंडू बाहेर आला. त्याने तो लाथेने परत टोलविला. मग त्याने सोबत्यांकडून वर्गणी जमवून चेंडू विकत आणला, पण तो निघाला रग्बीचा! मुले त्याच चेंडूने झटत होती. ते शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राध्यापक स्टॅक यांनी पाहिले; त्यांनी मुलांना खरा चेंडू दिला आणि खेळाचे नियम शिकविले. स्टॅकसाहेब कोणता विषय शिकवीत, त्यांचे विद्यार्थी परीक्षेत कसे उतरत, हे आज कोणी विचारीत नाही. त्यांचे नाव राहिले ते गैरसमजाने हाती आलेल्या चेंडूच्या जागी योग्य चेंडू दिला म्हणून.

या गोष्टीचा उत्तरार्ध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. नगेंद्रप्रसाद मोठे झाले, त्यांनी क्लब काढले. त्यांतील एका क्लबात मणी दास नावाच्या कुंभाराच्या मुलास घेण्याला उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली, तेव्हा नगेंद्रप्रसादांनी त्या मुलास न वगळता तो क्लबच मोडला. पुढे त्यांच्या शोभाबाजार क्लबाने १८९२ साली ईस्ट सरे पलटणीच्या गोऱ्या संघास हरविले. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असे हरवून आय. एफ. ए. ढाल घेतली, तेव्हा अकरांतील दहा गडी अनवाणी होते. ती तारीख देशाने पाठ केली; परंतु कुंभाराच्या पोरासाठी क्लब मोडणारा मनुष्य त्याआधी होऊन गेला नसता, तर मैदानाचे दार किती जणांस उघडले असते, याचाही विचार करावा.

ज्यांना आपण देशाच्या फुटबॉलचे सर्वश्रेष्ठ वस्ताद म्हणतो, ते सय्यद अब्दुल रहीम हेही मुळात शाळामास्तरच. हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, मग शिक्षकाचा पेशा पत्करलेले. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून त्याने आशियाई सुवर्णपदक घेतले. रहीम साहेबांना त्या वेळी कर्करोगाने ग्रासले होते. पुढल्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, ते गेले. घरोघर त्यांचे नाव पोहोचण्यास मात्र २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट निघावा लागला. पदक आठवणीत राहिले आणि वस्ताद साठ वर्षे कडेला उभाच राहिला!

ही झाली दूरची माणसे. आमच्या भंडाऱ्याहून नागपूर अवघे साठ-पासष्ट किलोमीटर. आमच्याकडील महाविद्यालये ज्या विद्यापीठास जोडलेली आहेत, ते १९२३ साली तेथेच स्थापन झाले. आमच्या मुलांचे सामनेही तिकडील मुलांशीच व्हावयाचे. त्या नागपुरातील हिस्लॉप कॉलेज १८८३ सालचे. तेथे विजय बारसे हे गृहस्थ क्रीडाशिक्षक होते. २००१ च्या पावसाळ्यात झोपडपट्टीतील काही मुले भर पावसात एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळत असलेली त्यांनी पाहिली. बादलीच्या जागी त्यांनी चेंडू दिला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या स्टॅकसाहेबांची ही गोष्ट पुन्हा घडली, असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की, या मुलांच्या मागे हेअर स्कूल नव्हते. पुढे बारसे यांनी झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरविली, तीत १२८ संघ उतरले. त्या कामाचे 'स्लम सॉकर' झाले, मुले बेघरांच्या जागतिक स्पर्धेपर्यंत जाऊन आली, २०१६ साली जागतिक फुटबॉल महासंघाचा विविधतेसाठीचा पुरस्कार त्या संस्थेस मिळाला आणि २०२२ साली 'झुंड' हा चित्रपट निघाला.

कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाचे नेमलेले काम, हजेरीपटात ज्यांची नावे आहेत त्यांना खेळविणे, एवढेच असते. ते चोख करणाऱ्यास कोणी नावे ठेवणार नाही. परंतु चांगला वस्ताद कोणता आणि मोठा वस्ताद कोणता, हा भेद आम्हांस येथे दिसतो. चांगला वस्ताद आपल्या अकरा जणांकडे पाहतो. मोठ्याची नजर फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बाराव्याकडेही जाते.

आमच्या जिल्ह्यात तो बारावा कोण? त्याचा शोध आम्हांस आमच्याच घरात लागला. आमची धाकटी बहीण लाखांदूर तालुक्यातील एका खेड्यात दिलेली आहे. तिचा मुलगा बारावीनंतर आमच्याकडे राहून येथल्या एका कॉलेजात जाऊ लागला आणि पहिल्याच वर्षी फुटबॉलच्या मागच्या फळीत खेळू लागला. आमच्याकडे या खेळाचा हंगाम पावसाचा; संघाची निवडही त्याच दिवसांत व्हावयाची. आणि रोवणीही नेमकी त्याच दिवसांत! दुसऱ्या वर्षी ऐन निवडीच्या आठवड्यात गावाहून निरोप आला: पाणी पडले आहे, पऱ्हे वयात आले आहे, गडीमाणूस मिळत नाही, मुलास पाठवा. भाचा दोन दिवस जेवला नाही. आम्ही मध्यमवर्गीय पांढरपेशी माणसे; 'आधी अभ्यास' हे सांगण्याची आम्हांस सवय, पण येथे अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. खेळ की चिखल, असा तो पेच होता, आणि दोहोंकडे बरोबर असणारी माणसे होती.

त्याच्या सरांना ते कळले. एका रविवारी ते आपल्या जुन्या दुचाकीवरून भाच्याच्या गावी गेले. आम्हीही त्या दिवशी तेथे होतो. आमचे मेहुणे गुडघाभर चिखलातून धुऱ्यावर आले आणि हात जोडून म्हणाले, "सर, पोराचा खेळ मी मोडत नाही जी. पण पाणी आज हाय, उद्या नाही. बांधी थांबत नाही."

सर म्हणाले, "भाऊ, मीही धानकऱ्याचाच मुलगा आहे. पोराला घेऊन जायला मी आलो नाही. रोवणी होऊ द्या. त्याची जागा राहील, एवढे सांगायला आलो."

भाच्याने भीत भीत विचारले, "सर, पण आठ दिवस सराव बुडेल ना?"

"अरे, आठ दिवस चिखलात उभे राहून वाकणाऱ्या पायांना मी मैदानावर आणखी कोणता व्यायाम देऊ?" असे म्हणून सर हसले. परत गेल्यावर त्यांनी निवड दहा दिवस पुढे ढकलली. संघात येऊ पाहणाऱ्या सतरा मुलांपैकी सहाजण त्या वेळी आपापल्या बांधीत होते, हे त्यांनी आधीच मोजून ठेवले होते.

त्या दिवशी धुऱ्यावर आणखी एक गोष्ट घडली. रोवणी करणाऱ्या बायांत आमची भाचीही होती. हातातली जुडी खाली न ठेवता तिने विचारले, "सर, पोरींचा संघ आहे का जी?" सर क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही बाई. तू येशील तेव्हा बघू." ती पुढल्या वर्षी त्याच कॉलेजात आली. त्या वर्षी सातजणी मैदानावर आल्या, त्याच्या पुढल्या वर्षी नऊ. सरांनी त्यांना मुलांबरोबर सराव दिला. घरोघर जाऊन आयांशी बोलले. सायंकाळी सहाच्या आत प्रत्येक मुलगी गावाच्या गाडीत बसेल, हा शब्द त्यांनी दिला आणि पाळला. भाचीच्या शेवटच्या वर्षी कशाबशा अकरा पुऱ्या झाल्या. त्या पहिल्याच सामन्यात नऊ गोल खाऊन परत आल्या. कोणी तरी सरांना सांत्वनाचे दोन शब्द सांगू लागले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, अकरा झाल्या ना!"

भाच्याच्या संघानेही ढाल आणली नाही. दुसऱ्या फेरीपुढे तो कधी गेला नाही. तेव्हा कॉलेजच्या काचेच्या कपाटात या तीन-चार वर्षांची काहीच खूण नाही. हिशेबी मनुष्य म्हणेल, की सरांच्या हातून काही झाले नाही. सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी बराच काळ कोणी नेमलेही गेले नाही; खेळाचे काय, तासिका तर होत आहेत, असा त्यामागचा विचार असावा. मैदानावर प्रथम गवत वाढले, मग गुरे आली. पऱ्ह्याचा वाफा एक साल पडीत ठेवला, तर त्याचे दुष्परिणाम त्याच साली बांधीत दिसतात; मैदानाच्या बाबतीत ते दिसावयास दहा वर्षे लागतात, म्हणून आपणांस ती चूक स्वस्त वाटते, इतकेच.

भाचा पुढे फुटबॉल खेळला नाही. तुमसरकडील एका राइस मिलमध्ये तो हिशेब लिहितो. मागे एकदा आषाढात आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. मिलमधील हमालांपैकी आठ-दहाजण रोवणीसाठी गावी गेले होते आणि मालक त्यांच्या जागी दुसरी माणसे घ्यावी, अशा बेतात होता. भाचा मालकासमोर उभा राहून शांतपणे सांगत होता, "शेट, रोवणी झाली की ते येतील. त्यांची जागा राहू द्या." आम्ही बाहेर ओसरीवर बसून ऐकत होतो. ते शब्द कोणत्या वाफ्यातले, हे ओळखावयास आम्हांस वेळ लागला नाही. मालकाने कुरकुरत का होईना, मान्य केले.

हा लेख लिहावयाचे ठरले, तेव्हा सरांचे नाव त्यात घालावे या इच्छेने आम्ही त्यांच्या घरी गेलो. कडेला उभ्या असलेल्या एका तरी गृहस्थास मधल्या खुर्चीवर बसवावे, असा आमचा हेतू. त्यांनी चहा दिला, सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "माझे एकट्याचे नको. लिहायचे तर त्या वर्षीच्या सतराही पोरांचे लिहा, आणि त्या अकरा पोरींचे." मग ते उठून आत गेले व एक जुनी वही घेऊन आले. तीत प्रत्येक वर्षाच्या सर्व मुलांची नावे होती. जे संघात आले त्यांची आणि जे आले नाहीत त्यांचीही, गावासकट. पुष्कळ नावांपुढे, पावसाळ्याच्या महिन्यांत, त्यांच्या बारीक अक्षरांत एकच शब्द लिहिलेला होता: रोवणी.